बॅलटवर हे सॉइल अँड वॉटर काय प्रकरण आहे?

पहिलंच_मत:
अमेरिकेत मिनेसोटात राहतो, सिटिझन झाल्यावर पहिल्यांदाच मत देणार आहे. सॅम्पल बॅलट बघितलं, गव्हर्नर वगैरे कळलं, पण पार खाली 'सॉइल अँड वॉटर कन्झर्वेशन डिस्ट्रिक्ट सुपरवायझर', नावापुढे पक्षही नाही. मातीसाठी निवडणूक?? ती ओळ कोरी सोडली तर चालतं ना?

काळी_आई:
चालतं, पण सोडू नका. १९३० च्या दशकात इथली नांगरलेली माती वाऱ्याने उडाली, धूळ पार वॉशिंग्टनपर्यंत आली, तेव्हा कुठे १९३५ ला अमेरिकन संसदेने, म्हणजे काँग्रेसने, माती जपण्याचा कायदा केला. पण सरकारी साहेब बांधावर येऊन शिकवणार म्हटलं की शेतकरी ऐकतोय होय? म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९३७ मध्ये सगळ्या गव्हर्नरांना कायद्याचा नमुना पाठवला की माती-पाणी जपणारी स्थानिक डिस्ट्रिक्ट काढा, तिथलीच माणसं निवडा. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनात पहिलं निघालं, आता देशभरात ३,००० च्या आसपास आहेत. तुमच्याकडे बोर्डावर ५ जण, मुदत ४ वर्षं.

उताराची_जमीन:
आमचा अनुभव सांगते. तळ्याकाठी घर आहे, दर पावसात काठ ढासळायचा. डिस्ट्रिक्टला फोन केला, त्यांचा माणूस आला, फी नाही काही नाही, म्हणाला लॉन काठापर्यंत नेऊ नका, लांब मुळांचं देशी गवत लावा. खर्चाचा काही भागही त्यांनी दिला. नोटीस देणारा इन्स्पेक्टर असता तर मी दारच उघडलं नसतं खरं सांगायचं तर. शेतकऱ्यांना कव्हर क्रॉप (माती उघडी राहू नये म्हणून मधल्या काळात घेतलेलं पीक), नो-टिल (न नांगरता पेरणी) याला मदत करतात, स्प्रिंगला झाडांची रोपंही विकतात.

खालच्या_अंगाला:
अगदीच गोडीगुलाबी नाहीये हां. मिनेसोटात २०१५ चा बफर कायदा आहे, नदी-तळ्याकाठी सरासरी ५० फूट कायम हिरवळीचा पट्टा ठेवायचा, आणि तो ठेवलाय का हे डिस्ट्रिक्टच तपासतं. दंडाचं काम मात्र दुसऱ्यांकडे. त्यामुळे उमेदवार याबद्दल काय बोलतो ते बघा, वरच्याने खत सोडलं की खालच्याच्या विहिरीत नायट्रेट येतं.

पहिलंच_मत:
धन्यवाद मंडळी! आत्ता नीट बघितलं, आमच्या जागेला उभा एकच माणूस आहे 😄