हॅडिक्सच्या नावापुढचा लॉस

बेसबॉलमध्ये बॉक्स स्कोअरमधली (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यातली) पिचरच्या नावापुढची विन-लॉस बघितली की तो पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कसा खेळला ते कळतं असं कुणी म्हणलं, तर जरा 26 मे 1959 ची मिलवॉकीतली पायरेट्स-ब्रेव्ह्ज मॅच काढून बघा. पायरेट्सचा पिचर हार्वी हॅडिक्सनं ओळीनं 36 बॅटर आऊट केले, 12 इनिंग एकही माणूस बेसवर नाही, आणि नावापुढे काय तर लॉस! तेराव्यात त्याच्याच टीमच्या डॉन होकची एरर (फिल्डिंगची चूक) झाली, त्यामुळे बेसवर आलेल्या रनरचाच एक रन, म्हणजे अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर धरले जाणारे रन) शून्यच की. उलट ब्रेव्ह्जचा पिचर बर्डेटनं 12 हिट खाल्ल्या तरी विन त्याची. गंमत म्हणजे तो रन आला त्या फटक्यावर ब्रेव्ह्जच्या अ‍ॅडकॉकनं बॉल कुंपणापार मारलेला, पण पळताना पुढच्या हँक एरनला ओलांडून गेला म्हणून होमरनचा डबल (दोन बेसची हिट) झाला नि स्कोअर 1-0च लागला. वर 1991 मध्ये नियम बदलून नो-हिटरच्या (एकही हिट न देता टाकलेल्या मॅचच्या) यादीतनंही काढलं बिचाऱ्या हॅडिक्सला.