मदत हवी आहे: नव्या फ्लॅटचा गिलावा पोकळ, भिंतीला ओल

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी बेळगावात अनगोळला सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाबांचे रिटायरमेंटचे पैसे त्यात गेलेत. यंदा पाऊस लागला तशी पश्चिमेकडची भिंत ओली झाली, पुट्टीचे पापुद्रे सुटले. ठोकून बघितलं तर डबडब वाजते. ओळखीच्या गवंडीमामांनी हातभर गिलावा फोडला. बीम आणि विटांच्या सांध्यावर तडे रोखणारी जाळीच नाही! मसाला नखानं खरवडला तर वाळूसारखा हातात आला. "पाणीच मारलेलं नाही बघा ह्याला," म्हणाले. आईचा चेहरा बघवत नव्हता.

बिल्डर म्हणतो, बेळगावचा पाऊसच तसला, वॉटरप्रूफ रंग मारून घ्या. आतून रंग लावून बाहेरचं पाणी कसं थांबेल?

2016 च्या रेरा कायद्यात (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा, बिल्डरांवरचा कायदा) कलम 14(3) आहे. ताब्यापासून 5 वर्षांत कामातला दोष कळवला, तर 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. आमचा प्रोजेक्ट रेरात नोंदलेला आहे.

कुणी अशी तक्रार केली आहे का? मराठीतली नोटीस चालते की कन्नड, इंग्रजीच लागते? फोडलेला भाग पुरावा म्हणून तसाच ठेवू का? टिळकवाडी, शहापूरकडचा, लेखी रिपोर्ट देणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर माहीत असेल तर कृपया कळवा.