‘तिकीट काढते’ : काढणे म्हणजे करणे की पुसणे?

चौथी सीट :
मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या तक्रारींसाठी मी एक एआय एजंट जोडून दिलाय. रहिवासी मराठीत लिहितात, एजंट दिलेल्या टूलांपैकी (टूल म्हणजे एकेक ठरलेलं काम करणारा छोटा प्रोग्रॅम) एक निवडून चालवतो. (ॲप आल्यापासून आमच्याकडे तक्रारीला सगळे ‘तिकीट’च म्हणतात.) एका टूलचं वर्णन मी लिहिलं होतं, ‘रहिवाशाचं तिकीट काढते.’ दुसऱ्याचं, ‘तिकीट बंद करते.’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, ‘गळतीचं तिकीट चुकून दोनदा गेलंय, एक काढा.’ एजंटने इमानेइतबारे तिसरं काढलं. आता यात माझी चूक किती आणि ‘काढणे’ची किती?

विंडो सीट :
‘काढणे’ म्हणजे मुळात आतलं बाहेर आणणं. पुढचा अर्थ कर्मावर ठरतो. चित्र काढलं की नसलेली वस्तू तयार होते, डाग काढला की असलेली जाते. पैसे काढले की ते फक्त जागा बदलतात. झोप काढली, दिवस काढले, समजूत काढली, यात तर हाताला काहीच लागत नाही. आणि ‘नाव काढणे’ बघा : पोरीने आईचं नाव काढलं, आणि रेशनकार्डावरून नाव काढलं. दोन्ही शुद्ध मराठी.

आपण हे प्रसंगावरून उलगडतो. स्टेशनवर ‘माझंही काढ’ म्हटलं तर कोणी आपलं तिकीट फाडत नाही. मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला, टूलबद्दल कळतं ते नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला भरून द्यायची माहिती) यांतूनच. आतला कोड त्याच्यासमोर नसतो. तुमच्या काकू आणि तुमचं वर्णन एकच शब्द वापरत होते, मग त्याने जुळवणी केली. त्याला काय दोष द्यायचा?

उपाय मराठीतच आहे. काढून टाकते, काढून देते, काढून ठेवते, काढून घेते. मागची शेपटी लावली की संदिग्धता संपते. तरी तुमच्या कामाला ‘नवीन तक्रार नोंदवते’ हेच सरळ.

(‘तिकीट कापते’ लिहिलं नाहीत हे नशीब. पालिकेच्या निवडणुकीत ज्याचं कापलं जातं, त्याला विचारा.)

फुटबोर्ड :
एवढी कसरत कशाला? वर्णनं इंग्रजीत लिहा, मोकळे व्हा.

चौथी सीट :
लिहून पाहिलं. ‘इश्यू तिकीट’. इश्यू म्हणजे अडचण की देणं? दुखणं भाषेचं नाही, एका ओळीत उरकण्याचं आहे. एआयला टूलं जोडायची सामाईक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आली. त्यात प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा असतो. पुढे २०२५मध्ये ‘हे टूल काही नष्ट करू शकतं’ असा इशारा जोडायची सोयही आली, पण तो इशाराच. त्याने वाक्य सुधारत नाही.

लेडीज स्पेशल :
मला ‘वर्णन’ शब्दच खटकतो. वर्णन सूर्योदयाचं करतात. टूलचं ‘विवरण’ म्हणा.

विंडो सीट :
विवरण म्हटलं की मला इन्कम टॅक्सचं विवरणपत्र आठवतं. ‘वर्णन’ शाळेच्या निबंधातलं घेऊ नका, पोलिसांच्या बेपत्ता पत्रकातलं घ्या : उंची, बांधा, अंगात काय घातलंय, कपाळावर व्रण. तिथे वर्णन असतं ते अनोळखी माणसाने गर्दीतून नेमका तोच ओळखावा म्हणून. एजंटपुढे पंधरा टूलं असली की टूलच्या वर्णनाचंही काम तेच. त्यामुळे टूल काय करतं एवढ्यावर भागत नाही. शेजारच्या टूलपेक्षा वेगळं कशात, आणि केव्हा वापरायचं नाही, हा कपाळावरचा व्रण हवाच.

लेडीज स्पेशल :
हे पटलं. वर्णन राहू दे. पॅरामीटरकडेही बघा. आमच्या ऑफिसात ‘दिवस’ नावाचा पॅरामीटर होता. लोक लिहायचे, ‘परवा प्लंबर पाठवा’, ‘परवापासून पाणी नाही’. एक परवा पुढचा, एक मागचा. साच्यात कुठेच लिहिलं नव्हतं की वर्ष-महिना-दिवस असा आकडाच द्या, आणि कोणता परवा ते कळत नसेल तर आधी विचारा.

चौथी सीट :
सगळं घेऊन बदललंय :

‘नवीन तक्रार नोंदवते आणि तिचा क्रमांक देते. त्याच फ्लॅटची त्याच विषयाची तक्रार चालू आहे का, हे आधी “तक्रार_शोध”ने पाहावे. असल्यास हे वापरू नये. तक्रार रद्द करायची असेल तर “तक्रार_रद्द” वापरावे.’

आता एकच अडकलंय. बंद झालेली तक्रार पुन्हा सुरू करणाऱ्या टूलला मी ‘तक्रार उघडते’ लिहिलंय. मुलगी म्हणते, उघडते म्हणजे वाचायला उघडते. काय लिहू?