पहिली नोकरी कुठं धरावी? लातूरची इंग्लिश मीडियम, गावाकडची संस्था का क्लासेस?

औसा_गणित:
नमस्कार सर, मॅडम. माझं बी.एस्सी. बी.एड. झालंय, गणित-विज्ञान, शिक्षक पात्रतेच्या टीईटीचा पेपर दोन पण निघालाय पण शिक्षकभरतीच्या टेट परीक्षेला 200 पैकी 118 आले आणि सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागलं नाही. आता तीन ठिकाणं समोर आहेत. लातूरची एक इंग्लिश मीडियम शाळा, 11 हजार, पाचवी ते सातवीला गणित. दुसरी आमच्या तालुक्यातली एक संस्था, सध्या 6 हजार देतो म्हणायलेत पण पुढं अनुदान आलं की परमनंट करू म्हणून सांगायलेत, मात्र ओरिजिनल कागदपत्रं जमा करायची आणि बिल्डिंगसाठी "काहीतरी बघा" असं पप्पांना बाजूला घेऊन बोलले. तिसरं एका नीटच्या क्लासमधे डाउट सोडवायचं काम, 20 हजार. पप्पा म्हणतेत संस्था धर, एवढं शिकवलं ते परमनंटसाठीच. मला खरं तर वर्गावर उभं राहायचंय, इंटर्नशिपला लई छान वाटलं होतं. काय करू, काहीच कळंना गेलंय.

माध्यमिक_बीड:
ताई, पहिलं काम म्हणजे ओरिजिनल कागदं कुणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि घरी घेऊन या. मी हे दिले होते. सात वर्षं विनाअनुदानित शाळेत काढली, वडिलांनी दोन एकर विकून पैसे भरले, आणि जेव्हा टप्पा अनुदान (सरकारचं टप्प्याटप्प्यानं मिळणारं अनुदान) आलं तेव्हा कळलं की माझ्या नेमणुकीच्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्तावच शिक्षणाधिकारी ऑफिसला कधी गेला नव्हता, माझ्या जागेवर दुसऱ्याच माणसाचं नाव. मान्यता नाही म्हणून सरकारी पगाराच्या प्रणालीतला शालार्थ आयडी नाही, आयडी नाही म्हणून पगार नाही. सोडायचं म्हणलं तर मार्कशीट संस्थेच्या कपाटात. ते परत मिळायला दीड वर्ष गेलं. आता अनुदानित खाजगी शाळेची शिक्षकभरती पण पवित्रवरूनच होते, मग "नंतर आम्ही करून घेऊ" कशाच्या जोरावर म्हणायलेत ते पप्पांना सरळ विचारायला लावा. नेमणुकीचा आदेश लेखी मागा, त्यात तारीख, पद, विषय आणि पगार पाहिजे. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्याप्रमाणं नोकरीवरून काढलं तर 30 दिवसात शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं, पण हातात आदेशच नसला तर तिथं दाखवणार काय?

तांड्यावरचा_मास्तर:
बीडवाल्या सरांचं वाचून पोटात कालवलं. मी पैशाचं बोलत नाही, त्यांनी सगळं सांगितलंय. मी बीडच्या वडवणी तालुक्यात तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीवर आहे, द्विशिक्षकी शाळा, जिल्हा परिषद. पहिल्या दिवशी मी पहिलीला "आई" शिकवायलोय आणि लेकरं नुसती बघत बसलेली, कारण त्यांच्या घरी आईला याडी म्हणतेत आणि भाकरीला बाटी. मला गोरमाटीचा, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीचा, एक शब्द येत नव्हता. आमचे हेडमास्तर मागच्या बाजूला सतरंजीवर येऊन बसायचे, रोज अर्धा तास, आणि सुट्टीत एकच गोष्ट सांगायचे. पहिल्या आठवड्यात म्हणले, तुमी फक्त समोरच्या चार पोरांना विचारता. पुढच्या आठवड्यात म्हणले, फळ्याकडं तोंड करून बोलता. दिवाळीनंतर निम्मे आईबाप ऊसतोडीला जातेत, तवा कोणती लेकरं हंगामी वसतिगृहात ठेवायची, आजीला कसं पटवायचं, हे पण त्यांच्याच सोबत घरोघर फिरून शिकलो. बी.एड.च्या पाठ टाचणात यातलं काही नव्हतं. म्हणून ताई, पगार विचाराच, पण त्यासोबत हे विचारा की माझा तास बघायला कोण येणार? जिथं जुनं माणूस मागं बसून तुमचा तास बघतंय आणि प्रेमानं सांगतंय तिथं पहिली दोन वर्षं काढा.

नांदेड_फिजिक्स:
क्लासचं सांगतो, मी तीन वर्षं केलं. विषय पक्का होतो हे खरंय, दिवसाला शंभर दीडशे गणितं डोळ्याखालून जातेत. पण तिथं येणारं पोरगं आधीच ठरवून आलेलं असतंय, ज्याला अपूर्णांकच समजला नाही असं सहावीचं लेकरू तुम्हाला भेटणार नाही. घरची अडचण असली तर वर्षभर करा, त्यात लाजायचं काय नाही. टेटचा अभ्यास मात्र सोडू नका. 120 मार्काची अभियोग्यता आणि 80 ची बुद्धिमत्ता, तुमचं गणित आहे तर बुद्धिमत्तेत 10-15 मार्क वाढणं अवघड नाही. लागलं तर सहावी ते आठवीला शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं 16 हजार मानधन आणि नववी-दहावीला 18, त्यानंतर पूर्ण वेतनश्रेणी.

औसा_गणित:
सगळ्यांचे मनापासून आभार. बीडवाल्या सरांचं पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं, ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणले संस्थेला नको म्हणून कळव. काल लातूरच्या शाळेत परत जाऊन विचारलं की माझा तास कोण बघंल. तिथं गणिताच्या एक मॅडम आहेत, 20-22 वर्षं झाली शिकवायलेत, त्या म्हणल्या शुक्रवारचा तिसरा तास मला मोकळा असतो, मी येत जाईन, आणि तू पण माझ्या सातवीच्या वर्गात येऊन बसत जा. आदेश लेखी देणार आहेत, कागदं बघून लगेच परत दिली. 11 हजारात खोलीभाडं आणि डबा जाऊन फार उरणार नाही म्हणून मावशीकडं राहायचं ठरतंय.

सोमवारी सहावीला पहिला तास आहे, अपूर्णांकच आहे. तांड्यावरचे सर, भाकरीचे तुकडे करून सुरू करावं का कागदाच्या घड्या घालून? वर्गात 42 लेकरं आहेत.

तांड्यावरचा_मास्तर:
घड्या घाला. प्रत्येकाच्या हातात कागद येतो, भाकरी समोरच्या चौघांनाच दिसंल. आधी अर्धा, मग पाव, आणि तीन सारखे भाग करा म्हणलं की वर्गात गोंधळ उडंल, तो उडू द्या, पाच मिनिटं काही सांगू नका. झाल्यावर इथं लिहा कसं झालं ते.