अनुभव धागा: डूमचे नकाशे लक्षात का राहिले, आणि आपले काढताना घोळ कुठे होतो

धागाप्रवर्तक
डिसेंबर १९९३ मध्ये डूम हा राक्षसांवर गोळ्या झाडायचा कॉम्प्युटर गेम आला. फुकट वाटलेल्या पहिल्या भागात नऊ नकाशे (म्हणजे खेळायचे टप्पे), आणि ३८६ प्रोसेसर व ४ एमबी रॅमवर चालणारे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले काही जुने खेळाडू आता स्वतःच नकाशे काढतायत. बेळगावचा किल्ला, टिळकवाडीची रेल्वे गेटं, चौसोपी वाडे, काय काय डूममध्ये आणायचं चाललंय. म्हणून हा धागा. 'काय ते दिवस' चहावर बोलू. इथे मापं, चुका आणि उपाय लिहा. नकाशा मूळ इंजिनवर (गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर) किंवा त्याच्याच मर्यादा पाळणाऱ्या चॉकलेट डूमवर चालला पाहिजे असं धरून चला. मर्यादा काढून टाकलेल्या जीझेडडूममध्ये काय, काहीही खपतं.

खिडकीपलीकडचा
ई१एम१, म्हणजे पहिल्या भागातला पहिला नकाशा, हँगर. सुरुवातीच्याच खोलीत खिडकी आहे आणि तिच्यातून बाहेरचं अंगण व तिथलं निळं चिलखत दिसतं. वाट मात्र गुप्त. तो काढणाऱ्या जॉन रोमेरोचा नियमच होता की बाहेरचं दिसलं तर तिथे कसंतरी पोचता आलंच पाहिजे. त्याचे बाकीचे नियमही आजच्या नकाशांना लागू पडतात: जमिनीचं टेक्स्चर (वर चिकटवलेलं चित्र) बदललं की उंचीही बदला (८ युनिट पुरे; युनिट म्हणजे नकाशातलं लांबीचं माप), दोन वेगळ्या भिंती भेटतात तिथे मधे पट्टी किंवा खांब द्या, अंधार-उजेड आणि अरुंद-मोकळं आलटून पालटून ठेवा, आणि खेळाडूला त्याच जागी पुन्हा पुन्हा आणा.

हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. नवखा माणूस खोली, बोळ, खोली, बोळ अशी आगगाडी काढतो. त्यापेक्षा आधी मधली मोठी खोली काढा, तिच्यात तीन वेगळ्या उंचीवर तीन तोंडं सोडा आणि प्रत्येक वाट फिरून तिथेच आणा. लक्षात राहील अशी एक खूण त्या खोलीत हवीच. तुळशीवृंदावन चालेल, खांब चालेल.

हँगरमधल्या नागमोडी वाटेकडेही बघा. इम्प या राक्षसाचा आगीचा गोळा टिकला (गेमच्या घड्याळाच्या एका ठोक्याला) १० युनिट जातो, सेकंदाला ३५ टिक, म्हणजे ३५० युनिट. धावणारा खेळाडू त्याच्यापेक्षा बराच वेगवान आहे. सरळ वाटेवर गोळा चुकवणं त्यामुळे पोरखेळ होतो. वाट वळली की प्रत्येक वळणाला कोन बदलतो आणि बाजूला सरकायला जागा उरत नाही. तोच इम्प, पण त्रास दुप्पट.

शहापूर मापवाला
पाठ करायची मापं: खेळाडू ५६ उंच, ३२ रुंद. पायरी जास्तीत जास्त २४. २५ केली की ती भिंत. १२८ चढायला १६-१६ च्या आठ पायऱ्या छान दिसतात.

दार करताना नेहमी होणारे घोळ सांगतो. दोन खोल्यांच्या मधे ६४ किंवा १२८ रुंद, १६ खोल सेक्टर (एकाच उंचीची जमीन आणि छत असलेला तुकडा) काढा. त्याचं छत जमिनीला टेकवा. पुढच्या-मागच्या दोन्ही लाइनडेफना (नकाशावरच्या रेषांना) ॲक्शन १ (दार उघडायचा नंबर) द्या आणि वरचं टेक्स्चर दाराचं लावा. दोन्हींची पुढची बाजू खोलीकडे तोंड करून हवी, कारण हलतो तो लाइनीच्या मागचा सेक्टर. लाइन उलटी पडली असेल तर दाबत बसा, काही होत नाही. बाजूच्या दोन भिंतींना डोअरट्रॅक टेक्स्चर आणि 'लोअर अनपेग्ड' खूण लावा. ती विसरली की दारासोबत चौकटही वर सरकते. निम्म्या नकाशांत हे दिसतं.

दार शेजारच्या सगळ्यात खालच्या छतापेक्षा ४ युनिट खालीच थांबतं. ६० उंचीच्या बोळात दाराची फट ५६ राहते. खेळाडू जातो, ६४ उंच बॅरन राक्षस अडतो. राक्षसांच्या रुंदीचंही तसंच. ६४ च्या दारातून इम्प (४०) आरामात येतो, पिंकी (६०) कसाबसा, मॅन्क्युबस (९६) येत नाही. ॲरॅक्नोट्रॉन १२८ रुंद, त्याला मोकळं पटांगणच द्या.

खंदकाकडून
बेळगावच्या किल्ल्याबद्दल. खंदक सोपा आहे: जमीन ०, पाणी उणे १२८, वर आकाशाचं छत. अडचण पुलाची. डूममध्ये एका बिंदूला एकच जमीन आणि एकच छत असतं, त्यामुळे पुलावरून आणि पुलाखालूनही, असं दोन्ही होत नाही. पूल म्हणजे खंदकात भरलेला बांधच समजा, आणि पाण्यात पडलेल्याला वर यायला लिफ्ट द्या (ॲक्शन ६२, दाबून उतरणारी). लिफ्ट नसली की खेळाडू कायमचा खंदकात.

तट लंबगोल आहे, आणि तिथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. इंजिन नकाशावरच्या आडव्या भिंती किंचित काळ्या आणि उभ्या भिंती किंचित उजळ रंगवतं. तिरप्या भिंतींना हा फरक मिळत नाही. गोल तट म्हणून सपाट, मेल्यासारखा दिसतो. उपाय बुरुजांचा. बुरुजापाशी अरुंद सेक्टर काढून उजेड एका बाजूला १४४, दुसऱ्या बाजूला १७६ करा. १६ पेक्षा कमी फरक करू नका, तो दिसतच नाही. तिरप्या तुकड्याची लांबी ६४ च्या पटीत येत नाही, तेव्हा दगडांचे सांधे एक्स ऑफसेट (टेक्स्चर आडवं सरकवायचा आकडा) देऊन हातानेच जुळवावे लागतात. टेक्स्चर १२८ उंचीचंच घ्या. कमी उंचीचं टेक्स्चर उंच भिंतीला लावलं की खाली रंगीबेरंगी कचरा दिसतो.

किल्ल्यातल्या कमल बस्तीचं (जैन मंदिराचं) छतातलं कमळ ही खरी परीक्षा. एकात एक अष्टकोन काढायचे आणि प्रत्येकाचं छत ८-८ ने खाली आणायचं, लोंबतं कमळ तयार. पण पाकळ्या सुट्या काढायला गेलात तर व्हिसप्लेनची मर्यादा फुटते. उंची, टेक्स्चर किंवा उजेड वेगळा असलेला दिसणारा प्रत्येक जमीन-छताचा भाग एक व्हिसप्लेन खातो आणि मूळ इंजिनात ते १२८ च आहेत. ओलांडलं की 'नो मोअर व्हिसप्लेन्स' म्हणून गेम थेट डॉसवर. चार-पाच अष्टकोन, सगळ्यांना एकच उजेड, आणि सभामंडपाच्या दारातून बाहेरचं पटांगण दिसणार नाही अशी आडवी भिंत, एवढं पाळलंत तर धकतं.

माडीवाला
एका बिंदूला एकच जमीन, म्हणजे वाड्याला माडी नाही म्हणताय, मग तो वाडा कसला ओ? बसवा की कुठं तरी.

खंदकाकडून
बसते की. माडी चौकाच्या वर नको, बाजूला सरकवा. जिना तिरपा वळवून १२८ वर न्या आणि चौकाकडे खिडकी ठेवा. खालचा सोपा (ओसरी) माडीच्या बरोबर खाली नाही हे खेळताना कुणाच्या लक्षातही येत नाही. सज्जाखालून चालता येणार नाही, तेवढी तडजोड.

निपाणीहून
राक्षसांचे कान. खेळाडूने हत्यार चालवलं की आवाज सेक्टर ते सेक्टर पसरतो. बंद दाराने अडतो, उघड्या खिडकीतून जातो. 'ब्लॉक साउंड' खुणेची एक लाइन आवाज अडवत नाही, दुसरी अडवते. म्हणजे अशा दोन लाइनी पार कराव्या लागतील अशी रचना हवी. एकच लावून 'चालत नाही' म्हणणारे फार. एखादा राक्षस कोपऱ्यात दबा धरून हवा असेल तर त्याला 'अँबुश' खूण द्या. आवाज आला तरी खेळाडू दिसेपर्यंत तो हलत नाही.

दिंडी दरवाजात मागून हल्ला हवा असेल तर नकाशाबाहेर बंद खोली काढा, तिचा एक तुकडा मुख्य दालनाच्याच सेक्टरला जोडा (जागा वेगळी, सेक्टर एकच), म्हणजे आवाज आत पोचतो. आत ॲक्शन ९७ च्या (टेलिपोर्ट, म्हणजे क्षणात दुसरीकडे नेणाऱ्या) लाइनी, पुढची बाजू राक्षसांकडे. मागच्या बाजूने ओलांडली तर टेलिपोर्ट होत नाही. उतरायच्या जागेला थिंग १४ (थिंग म्हणजे नकाशात ठेवायची वस्तू, नंबराने ओळखायची). तिथे कुणी उभं असेल तर राक्षस उतरत नाही, पुन्हा लाइन ओलांडावी लागते. म्हणून एकच लाइन नको, खोलीभर चार-पाच टाका.

कॅफेचं केबल
चौघांच्या डेथमॅचसाठी (खेळाडूंनीच एकमेकांना मारायच्या खेळासाठी) दोन गोष्टी. नकाशात थिंग ११ (खेळाडू उतरायच्या जागा) किमान चार हवेत, नाहीतर 'ओन्ली अमुक डेथमॅच स्पॉट्स, ४ रिक्वायर्ड' म्हणून बंद. दुसरं, जुनी कोॲक्सिअल केबल कुणी अजून जोडत असेल तर आरजी-५८, प्रत्येक नेटवर्क कार्डाला टी आकाराचा जोड, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर (टोक बंद करणारं बूच). एक टर्मिनेटर निघाला की एक मशीन नव्हे, अख्खी लाइन बसते. दोन टींमध्ये निदान अर्धा मीटर अंतर ठेवा. विंडोज ९८ वर डूमला नेटवर्कसाठी लागणारा आयपीएक्स प्रोटोकॉल वेगळा टाकावा लागतो आणि फ्रेम टाइप सगळीकडे एकच लागतो. सगळ्या मशीनवर डूमची आवृत्ती १.९ घ्या. पहिल्या आवृत्त्या ब्रॉडकास्ट पाकिटांनी अख्खं नेटवर्क तुंबवायच्या.

तिसऱ्या गेटचा
टिळकवाडीच्या तीन गेटांचा आराखडा चालू आहे. पहिलं निळ्या किल्लीचं (ॲक्शन २६), दुसरं पिवळ्या (२७), तिसरं तांबड्या (२८). चौकटींना डोअरब्लू, डोअरयेल, डोअररेड. एक नियम काटेकोर पाळलाय: किल्ली सापडण्याआधी बंद गेट दिसलं पाहिजे, म्हणजे किल्ली हातात आल्यावर कुठे जायचं हे विचारावं लागत नाही. दाराच्या दोन्ही लाइनींना किल्लीचाच नंबर द्या. एका बाजूला चुकून १ राहिला तर पलीकडचा इम्प येऊन गेट उघडून देतो. २६-२७-२८ राक्षसांना उघडत नाही. साध्या दारावरही त्यांना रोखायचं असेल तर लाइनला 'सिक्रेट' खूण करा. ऑटोमॅपवर (खेळताना उघडता येणाऱ्या नकाशावर) ते दार मग भिंत म्हणून दिसतं, हा वरचा फायदा.

रूळ १२८ रुंद, दोन्ही बाजूंना ८ उंच कठडा. गेट पडल्यावर उभं राहायचं ते दृश्य आणायला कठड्यापाशी स्फोटक पिंपं ठेवली आहेत. पिंपाला २० चं नुकसान झालं की ते फुटतं आणि शेजारच्याला घेऊन जातं. सहापेक्षा जास्त ओळीने ठेवू नका, गेटाआधी खेळाडूच संपतो.

धागाप्रवर्तक
तिसऱ्या गेटवाले, थिंग्स मोजून टाका. मूळ इंजिनात सेव्ह फाइल साधारण १८० केबीच्या पुढे गेली की 'सेव्हगेम बफर ओव्हररन' येऊन गेम बंद पडतो. राक्षस आणि सेक्टर दोन्ही त्यात मोजले जातात. आणि फाइल देताना नोड्स (इंजिनाला चित्र काढायला लागणारी नकाशाची विभागणी) बांधूनच द्या. एडिटरमध्ये उघडलेली आणि नोड्स न बांधता सेव्ह केलेली वॅड (नकाशाची फाइल) गेल्या वेळी दोघांकडून आली, ती चालत नाही.