कुर्त्यांचं छोटं दुकान: होलसेलचा पहिला माल किती आणि काय बघून उचलावा?

काठपदर:

कराडला २२० चौरस फुटांचा गाळा घेतला आहे. १४ सप्टेंबर २०२६ ला गणपती आहेत, त्याआधी बुटिक सुरू करायचं आहे. कुर्ते, कुर्ता-पँट सेट आणि थोडे दुपट्टे ठेवणार. मालासाठी ३ लाख बाजूला काढलेत, फर्निचर आणि भाडं त्यात नाही. सुरतेच्या एका व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलेत. रेयॉनचा कुर्ता ३४० ला सांगतोय, पण आख्खा सेट उचलावा लागेल म्हणतो. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात तसाच माल ४५ रुपयांनी महाग पडतोय. सुरतेला जाऊन एकदम ३ लाखांचा माल भरला तर भाव पाडून मिळेल असं घरच्यांचं म्हणणं. नेमकं काय बघून घ्यावं? जीएसटी नंबर अजून काढलेला नाही.

गजमीटर:

ताई, ३ लाखांचा माल एकदम भरू नका. भाव पाडून नगामागे १५-२० रुपये वाचतील, आणि न विकला जाणारा एकेक नग पूर्ण ३४० रुपये अडकवून बसेल. पहिल्या फेरीत १ लाख ८० हजारांच्या वर जाऊ नका. ७५ हजार चौथ्या-पाचव्या आठवड्यासाठी ठेवा, तोवर काय उठतंय ते कळलेलं असतं. उरलेले ४५ हजार दिवाळीपर्यंत दिसलेच नाहीत असं समजा.

खरा घोळ साइजचा आहे. 'आख्खा सेट' म्हणजे एका डिझाइनचे चार नग: एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल. समजा ३० डिझाइन घेतल्या, म्हणजे १२० नग. तालुक्याच्या गावात एल आणि एक्सएल आधी उठतात. ते ६० गेले की रॅकवर राहतात ६० एम आणि डबल एक्सएल. मोजायला दुकान भरलेलं, पण एल मागणारी बाई रिकाम्या हाताने परत जाते. निम्मं भांडवल तुटलेल्या सेटांत बसलं. त्याऐवजी १-२-२-१ अशा रेशोचे सहा-सहा नगांचे १८ सेट घेतले तर १०८ नग होतात. त्यात एल-एक्सएल ७२ आणि कडेचे फक्त ३६.

हा रेशो व्यापारी सहसा देत नाही, कारण त्याच्याकडेही गठ्ठा चार-चारच्या सेटांतच बांधून येतो. तो मिळतो स्वतः शिवून घेणाऱ्या कारखानदाराकडे, तेही एका डिझाइनचे २४-३० नग घेतले तर. ते झेपत नसेल तर दोन गोष्टी करा. एकतर डिझाइन कमी घ्या. ३० ऐवजी १८ पुरतात, गिऱ्हाईक एका भेटीत पाच-सहाच कुर्ते अंगाला लावून बघतं. दुसरं म्हणजे आत शिलाईला मार्जिन (शिवणीत दाबलेलं जादा कापड) असलेलेच कुर्ते घ्या. मग डबल एक्सएलचा एक्सएल करून देता येतो आणि मार्जिन असेल तर एमचा एलही. आल्टरवाल्याची मजुरी आपण सोसली तरी अडकलेला नग मोकळा होतो.

थ्री एक्सएल आणि पुढच्या साइज वेगळ्या मिळतात आणि नगामागे थोड्या महाग असतात. चार-पाच डिझाइनमध्ये तरी ठेवा. या मापाच्या बाईला गावात तयार कपडा मिळत नाही. मिळाला तर ती भावावर फारशी घासाघीस करत नाही आणि पुन्हा येते.

जागेचं म्हणाल तर हँगरवर एका फुटात साधारण १२ कुर्ते बसतात, म्हणजे चार फुटी रॉडवर ४५-५०. त्यापेक्षा जास्त कोंबले की कुर्ता बाहेर ओढताना शेजारचे दोन खाली पडतात आणि बाईचा हात आवरतो.

उलटी शिवण:

फोटोवर ऑर्डर देऊ नका. एक सेट मागवा आणि त्यातला एक नग बळी द्या.

आधी टेप. कुर्ता सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. एम ३८, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४ इंच यायला हवं. कापड वाचवायला लेबल डबल एक्सएलचं आणि माप ४२ असं सर्रास चालतं. छाती बरोबर आली तरी मुंढा (बाही जोडतात तो घेर) आणि दंड मोजाच. घट्ट दंड हे कुर्ता परत येण्याचं एक नंबरचं कारण, आणि ते आल्टर करून सुटत नाही, कारण तिथे कापडच नसतं.

मग कुर्ता उलटा करा. बगलेला दोन्ही बाजूंना प्रत्येकी किमान पाऊण ते एक इंच मार्जिन हवी. ओव्हरलॉकच्या (कापडाची कड बांधणाऱ्या शिलाईच्या) अगदी कडेने शिवण धावत असेल तर मार्जिन शून्य, असा माल १० रुपये स्वस्त असला तरी सोडा. बाजूच्या चिरेच्या टोकाला पक्की टाच आहे का ते बघा, स्कूटरवर बसताना पहिलं तिथेच उसवतं.

कापडाबद्दल. रेयॉनमध्ये '१४ किलो' हा शब्द ऐकाल, म्हणजे १०० मीटरचं वजन १४ किलो. ४४ इंच पन्ह्याला (कापडाच्या रुंदीला) ते साधारण १२५ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १२५ ग्रॅम होतं. व्यापारी १४ किलो म्हणून ११-१२ किलोचं देत असेल तर हातात फरक चटकन कळत नाही. कुर्ता उजेडासमोर धरा, मागे ठेवलेली पाचही बोटं स्पष्ट दिसली तर समजून जा. सुती की रेयॉन हे जाळून ठरत नाही, दोन्ही कागदासारखी जळतात आणि राख भुरभुरीत होते. जाळून फक्त पॉलिएस्टर पकडता येतं, त्याची काळी कडक गोळी होते. रेयॉन ओळखायचं तर दोन धागे काढा, एक भिजवा आणि दोन्ही ओढा. रेयॉनचा ओला धागा कोरड्यापेक्षा पटकन तुटतो. सुती धागा ओला झाला म्हणून कमजोर होत नाही.

मग धुणं. बॉलपेनने २० इंचांची उभी आणि २० इंचांची आडवी रेघ आखा, साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा. १९ आले तर ५ टक्के आटलं. म्हणजे ४४ इंच लांबीचा कुर्ता दोन इंचांहून जास्त वर चढणार. ३ टक्क्यांपर्यंत चालवून घ्या. रंगासाठी ओला पांढरा रुमाल गडद भागावर दहा वेळा घासा. जयपूरकडच्या सांगानेरी-बगरू छपाईच्या मालात, विशेषतः इंडिगोत, थोडा रंग लागतोच. तो माल घ्यायला हरकत नाही, पण 'पहिले दोन धुणे वेगळे' अशी चिठ्ठी टॅगला बांधा. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

हिशेबवही:

३४० हा भाव तुमची किंमत नाही. त्यावर ५ टक्के जीएसटी १७, ट्रान्सपोर्ट-हमाली-पॅकिंग मिळून १२, इस्त्री-टॅग-पिशवी ८. नग दुकानात ३७७ ला पडला. ६९९ चा टॅग लावला तर ३२२ सुटतात, म्हणजे विक्रीवर ४६ टक्के. पण सगळे नग टॅगच्या भावाने जात नाहीत. २४ पैकी १६ पूर्ण भावाने, ५ वीस टक्के सुटीत ५५९ ला आणि ३ मुद्दलात गेले असं धरा. विक्री १५,११० आणि खरेदी ९,०४८, हातात ६,०६२. म्हणजे ४० टक्के, आणि भाडं, वीज, पगार अजून बाकी. खरेदी करताना हाच ४० चा आकडा डोक्यात ठेवा. ४६ धरून घेतलेला माल उत्सवानंतर टोचतो.

जीएसटी नंबराचं. फक्त महाराष्ट्रात विकणार असाल तर मालाच्या धंद्यात ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसताना खरेदीचा जीएसटी परत मिळत नाही, पण विक्रीवर भरावाही लागत नाही. वरच्या उदाहरणात नियमित नोंदणी असती तर १७ रुपयांची वजावट मिळाली असती आणि ६९९ मधून ३३ सरकारला गेले असते. म्हणजे छोट्या दुकानाला सुरुवातीला नोंदणीची घाई नाही. फक्त एक मेख आहे. बेळगाव किंवा गोव्याच्या गिऱ्हाइकाला एक पार्सल पाठवलं की ती आंतरराज्य विक्री झाली आणि तिथे उलाढाल कितीही असो, नियमित नोंदणी लागते. विक्रीवर १ टक्का कर भरायच्या कंपोझिशन योजनेतही राज्याबाहेर विकता येत नाही. इन्स्टाग्रामवरून विकायचा बेत असेल तर हे आधी ठरवा.

भारी सेटांबद्दल एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यावर नगामागे २,५०० पर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के आहे, दोन्ही आकडे कर वगळून. नोंदणी झाल्यावर २,५९९ चा टॅग लावला तर कर जाऊन २,४७५ राहतात. ३,१०० चा लावला तर २,६२७. गिऱ्हाइकाकडून ५०१ जास्त मागायचे आणि आपल्याला मिळायचे १५२! त्यामुळे एकतर २,६०० च्या आत थांबा नाहीतर सरळ चार हजारांच्या मालात जा. मधला पट्टा छोट्या दुकानाने टाळलेला बरा.

कच्च्या बिलावर '५ टक्के वाचतात' म्हणतील. त्या मालाचा डॅमेज परत करायला तुमच्या हातात कागद नसतो, एवढंच सांगतो.

काठपदर:

मनापासून आभार. टेप घेऊन बसले आणि आलेल्या सेटातला एक्सएल मोजला, ४० भरला! आता दोनच शंका. पहिली खरेदी सुरत की गांधीनगर? आणि नवरात्रीचे नऊ रंग भरावेत का?

बिल्टी:

पहिली खरेदी गांधीनगर, तेही दोन-तीन फेऱ्यांत. फरक नगामागे ४५ चा असला तरी सुरतेच्या मालाला ट्रान्सपोर्टचे साधारण १० जास्त धरा, राहिले ३५. सुरतेची दोन दिवसांची फेरी, राहणं-खाणं-रिक्षा मिळून साडेचार हजार धरले तर १२९ नगांनंतर बरोबरी होते. शिवाय गांधीनगरात दोन एसट्या बदलून सकाळी गेलात तर संध्याकाळी परत येता, १२ नग आणले तरी परवडतं आणि चुकलेली साइज पुढच्या आठवड्यात बदलायला तोंड असतं. कुठली डिझाइन चालते ते तिथे शिका आणि दिवाळीला सुरतेत तीच मोठ्या आकड्यात घ्या.

सुरतेला गेलात की रिंग रोडवरची मार्केटं रविवारी बंद असतात हे धरून निघा. पहिल्या दिवशी फक्त फिरा, भाव आणि सेटचे नग लिहून घ्या, खरेदी दुसऱ्या दिवशी. उधारी मागू नका, उधारीचे दिवस भावातच घातलेले असतात. रोख देऊन वटाव (रोखीची सूट) मागा. बिलावर 'डॅमेज व साइज फरक १० दिवसांत परत' असं लिहून घ्या, तोंडी कबुली गावी पोचेपर्यंत टिकत नाही. एका बिलाचा माल ५०,००० च्या वर गेला तर राज्याबाहेरून येताना ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं, ते व्यापाऱ्याकडून करून घ्या. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) नगांची नाही, गठ्ठ्यांची संख्या असते. गोडाऊनमध्ये गठ्ठा सोडवण्याआधी वजन बघा, शिवण उसवून पुन्हा मारलेली दिसली तर सही करण्याआधी तसा शेरा लिहा. घरी गठ्ठा फोडताना मोबाइलवर सलग चित्रण करा.

रिपीट ऑर्डरमध्ये एक फसगत नेहमीची. तीच डिझाइन दुसऱ्या लॉटमधून आली की रंगाची छटा हलते. जुन्या लॉटचा कुर्ता आणि नव्या लॉटची पँट एका सेटात घालू नका, उन्हात उभं राहिलं की फरक ओरडतो.

गजमीटर:

नऊ रंगांबद्दल. हे रंग वारावर चालतात: रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. उरलेले दोन दिवस गुलाबी, जांभळा, मोरपिशी यांच्यात फिरतात. यंदा घटस्थापना ११ ऑक्टोबरला रविवारी, म्हणजे पहिला केशरी. नऊच्या नऊ रंगांचे कुर्ते भरायची गरज नाही. लाल, पिवळा, हिरवा, निळा यांचे कुर्ते घ्या, ते दिवाळीला आणि हळदीलाही जातात. केशरी, राखाडी आणि मोरपिशीला दुपट्टे ठेवा. कार्यालयात जाणाऱ्या बाईला त्या दिवशी अंगावर रंग दिसला की झालं, आणि दुपट्टा उरला तरी साइजची भानगड नाही.

काळ्याचं उलट. संक्रांतीला काळा कुर्ता जोरात जातो आणि दुसऱ्या दिवसापासून जागच्या जागी थिजतो. दोन डिझाइन, १२ नग, बस. काळ्यात सोनेरी छपाई घेऊ नका, बिनजरीचा किंवा पांढऱ्या बारीक बुट्टीचा घ्या, तो रोजच्या वापरातही निघतो.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे सगळे सण पुढे सरकलेत, दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. मागच्या वर्षीच्या तारखा धरून माल भरलात तर अठरा-एकोणीस दिवस आधीच पैसा अडकेल. गणपती उरकले की पितृपक्षात दुकान थंड असतं, गिऱ्हाईक नवं कापड घेत नाही. सुरतेची फेरी तेव्हाच करा. जाताना रॅकवरच्या उरलेल्या नगांची साइजवार यादी खिशात ठेवा. एम ११, डबल एक्सएल १४ असं कागदावर दिसलं की पुढ्यातला आख्खा सेट उचलायला हात जरा जड होतो.