टोचा दर नुसत्या पेट्रोलवर ठरवणं क्लबला परवडतं का?

हिशेबनीस:
स्पष्टच लिहितो. बऱ्याच ग्लायडिंग क्लबांत टोचा, म्हणजे बिनइंजिनाचा ग्लायडर विमानाने दोराने ओढून वर नेण्याचा, दर ठरवताना पेट्रोल किती जळलं एवढंच बघतात आणि तिथेच घात होतो. पायपर पॉनीसारखं २३५ हॉर्सपॉवरचं टो प्लेन धरा, २००० फुटांचा टो, खाली येऊन पुढचा ग्लायडर जोडेपर्यंत १० मिनिटं, म्हणजे साधारण ८-९ लिटर अॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल). हे डोळ्यांना दिसतं म्हणून वसूल होतं. पण इंजिन २००० तासांनी ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीला, येतं, तासाला ६ टो म्हणजे आख्ख्या आयुष्यात १२००० टो, तर ओव्हरहॉलच्या बिलाचा बारा हजारावा हिस्सा प्रत्येक टोमागे बाजूला पडायलाच हवा ना? प्रॉपेलर, टायर, दोर हे वेगळंच. विमा, हँगर, वार्षिक तपासणी अजून वेगळी. यातलं काहीच दरात धरत नाहीत आणि मग इंजिन संपलं की सभासदांकडे वर्गणी मागत फिरायचं. माझं म्हणणं, पूर्ण खर्च दरात लावा, आणि उंचीवर नको, मिनिटांवर लावा.

थर्मलवेडी:
पूर्ण खर्च दरात टाकायला माझा ठाम विरोध. विमा-हँगर-तपासणी हा खर्च विमान उडो न उडो तेवढाच राहतो. समजा १००० टोंवर तो वाटला जात होता, दर वाढल्यामुळे लोक कमी उडले आणि टो ६०० वर आले, तर प्रत्येक टोवरचा तो बोजा दोन तृतीयांशाने वाढला. मग काय, परत दर वाढवणार? आणि आधी गळणार कोण तर शिकणारी पोरं, कारण त्यांनाच एका दिवसात तीन-चार टो लागतात. न उडता होणारा खर्च वर्गणीतून घ्या, उडाल्यामुळे होणारा तेवढाच टोमधून.

हिशेबनीस:
@थर्मलवेडी विमा-हँगर वर्गणीत टाका, हरकत नाही. पण इंजिन उडण्यानेच झिजतं, त्यामुळे ओव्हरहॉलचा हिस्सा टोमध्येच हवा, त्यात तडजोड नको. आणि मिनिटांचं काय? जड टू-सीटर घेऊन गरम दुपारी चढायला जास्त वेळ लागतो, तरी हलक्या सिंगल-सीटरवाल्याने तेवढेच पैसे का भरायचे?

दोरापुढचा:
मी टो पायलट आहे म्हणून लिहितोय. मिनिटांवर दर लावलात की दोराच्या दोन्ही टोकांना चुकीची घाई सुरू होते. मागचा शिकाऊ पायलट घड्याळाकडे बघून खाली जाणाऱ्या हवेतच दोर सोडतो, आणि पुढच्यावर लवकर उतरायचा दबाव येतो. पूर्ण पॉवरवर कमी वेगाने चढून इंजिन तापलेलं असतं, लगेच थ्रॉटल मारून नाक खाली घातलं तर सिलिंडर झपाट्याने थंड होतात, आणि सिलिंडरला तडे गेले तर दोन मिनिटांची बचत कुठल्या कुठे जाते. म्हणून मी सावकाश उतरतो आणि सावकाशच उतरणार. अजून एक, आमच्यापैकी बरेच जण फुकट उडवतात, तास जमवायला किंवा आवड म्हणून. पायलटला मानधन द्यायचं ठरलं तर वरचे सगळे आकडे बदलतात, हे कोणी बोलतच नाही.

निळाई:
मुळात एवढं तहानलेलं विमान ठेवायचंच कशाला? १०० हॉर्सपॉवरच्या रोटॅक्स इंजिनवालं हलकं टो प्लेन घ्या, पेट्रोल निम्म्याहून कमी आणि गाडीचं पेट्रोलसुद्धा चालतं. नाहीतर सरळ विंच, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर गुंडाळत ग्लायडर वर खेचायचा, एका लाँचला लिटरभर इंधनही पुरतं.

दोरापुढचा:
@निळाई सिंगल-सीटरला रोटॅक्स मस्त, पण दोन माणसांसकट टू-सीटर ६०० किलोच्या आसपास जातो, त्या विमानाला तेवढं ओढायची परवानगी आहे का ते आधी बघा. गवताच्या धावपट्टीवर, उन्हाळ्यात, समोर झाडं असताना मला पॉनीच हवी. विंच स्वस्त आहे हे शंभर टक्के खरं, पण लांब मैदान लागतं, माणसं लागतात, आणि १०००-१५०० फुटांवर सोडल्यावर थर्मल (वर चढणारी गरम हवा) नाही सापडलं तर पाच-सहा मिनिटांत जमिनीवर.

थर्मलवेडी:
म्हणूनच सर्किटच्या (धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याच्या) सरावाला विंच आणि लांब उड्डाणाला टो, दोन्ही ठेवा. बाकी @हिशेबनीस, इंजिनाचा हिस्सा टोमध्ये, हे मला मान्य. पण दर उंचीवरच राहू द्या, टू-सीटरला हवं तर वेगळा आकार लावा, आणि त्या इंजिन फंडाचं खातं वेगळं काढा, कमिटीने त्यातून हँगरचं छप्पर दुरुस्त करायचं नाही.

हिशेबनीस:
वेगळ्या खात्याला दोन्ही हात वर. उंचीवर मात्र नाही. घाईची भीती असेल तर प्रत्येक ग्लायडरच्या प्रकाराची सरासरी मिनिटं वर्षाच्या सुरुवातीला ठरवून टाका आणि वर्षभर तीच लावा, मग हवेत असताना घड्याळ बघायचं कोणाला काही कारणच उरत नाही.